नोंदीतून वगळलेले सामने

अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडा विभागांत ऑगस्ट हा पात्रता-तपासणीचा महिना असतो. व्हॉलीबॉल, सॉकर, क्रॉस कंट्री आणि फुटबॉल यांचे हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खेळाडू अभ्यासाच्या निकषांवर खेळण्यास पात्र आहे की नाही, हे ठरवून संघनिहाय तक्त्यावर सही करावी लागते आणि त्या सहीनंतरच खेळाडूला अधिकृत सामन्यात उतरवता येते. मध्यपश्चिमेकडील एका सरकारी विद्यापीठात नियमपालन कार्यालयाची सहायक संचालक म्हणून मी हे काम काही वर्षे केले. २०१४ ते २०१६ या तीन हंगामांतील ज्या तक्त्यांमुळे त्या विद्यापीठावर पुढे कारवाई झाली, त्यांतील निम्म्याहून अधिक तक्त्यांवर माझी सही आहे. विद्यापीठाचे नाव येथे देत नाही, कारण नाव दिले की ज्या मुलींचा यात काहीही दोष नव्हता त्यांची ओळख पटवणे कुणालाही सोपे जाईल.

चूक नेमकी काय होती हे कळण्यासाठी नियम थोडा समजून घ्यावा लागतो. १९०६ साली स्थापन झालेली आणि आता इंडियानापोलिस येथे मुख्यालय असलेली नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, ही महाविद्यालयीन खेळांची नियामक संघटना आहे. तिच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागातील खेळाडूला केवळ प्रवेश घेऊन भागत नाही. त्याची पदवीच्या दिशेने ठरावीक वेगाने प्रगती व्हावी लागते. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी पदवीचा ४० टक्के, चौथ्या वर्षाच्या आरंभी ६० टक्के आणि पाचव्या वर्षाच्या आरंभी ८० टक्के भाग पूर्ण झालेला असला पाहिजे. १२० श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) पदवीसाठी हे आकडे ४८, ७२ आणि ९६ असे येतात. यातील कळीची अट अशी की, तिसऱ्या वर्षापासून विद्यार्थ्याने मुख्य विषय जाहीर केलेला असावा लागतो आणि त्यानंतर केवळ त्या विषयाच्या पदवीला लागू पडणारे श्रेयांकच मोजले जातात. विद्यार्थ्याने एकूण किती श्रेयांक मिळवले, याला या हिशेबात स्थान नाही.

आम्ही एकूण श्रेयांक मोजत होतो.

हे लक्षात आले ते २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, एका गुरुवारी दुपारी. रजिस्ट्रारच्या कार्यालयात पदवी-पडताळणीसाठी नव्याने रुजू झालेल्या एका बाईंनी मला फोन करून विचारले की, व्हॉलीबॉल संघातील अमुक विद्यार्थिनी चौथ्या वर्षाला असताना ती खेळते कशी, कारण त्यांच्या पडताळणीत तिचे ६६ श्रेयांकच पदवीला लागू पडत होते. माझ्या तक्त्यात तिच्या नावापुढे ७८ होते. ती मुलगी दुसऱ्या वर्षाअखेर जीवशास्त्र सोडून समाजशास्त्राकडे वळली होती, आणि जुन्या विषयाचे १२ श्रेयांक नव्या पदवीत कुठेच बसत नव्हते. मी तक्ता तीनदा तपासला, नंतर पदवी-पडताळणीचा उतारा मागवून घेतला आणि शेवटी संचालकांच्या दारावर टकटक केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संघाचा सामना होता. नियम याबाबतीत स्पष्ट आहे: अपात्रता कळल्या क्षणापासून खेळाडूला सामन्यापासून दूर ठेवावे लागते, मग चूक कुणाचीही असो.

तिला आम्ही त्याच संध्याकाळी बोलावले. प्रशिक्षक, संचालक आणि मी, असे तिघे बसलो होतो. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, की तिने कोणता विषय घेतला असता तर हे झाले नसते. या प्रश्नाचे उत्तर मला दुपारीच ठाऊक झाले होते. उन्हाळी सत्रात समाजशास्त्र विभागाने तीन-तीन श्रेयांकांचे दोन वर्ग ठेवले होते, दोन्हींत जागा शिल्लक होत्या आणि ती पूर्ण उन्हाळाभर सरावासाठी विद्यापीठातच राहिलेली होती. ते दोन वर्ग तिने घेतले असते, तर तिचे बरोबर ७२ श्रेयांक झाले असते. मे महिन्यात आमच्यापैकी कुणीतरी तिला एवढेच सांगायला हवे होते, आणि ते सांगण्याचे काम माझे होते. तिचा तो शेवटचा हंगाम होता. उरलेले सगळे सामने तिने संघाच्या बाकावर बसून पाहिले.

त्यानंतरचे पाच आठवडे आम्ही जुने तक्ते उकरण्यात घालवले. एनसीएएच्या नियमांत साधारणपणे मागील चार वर्षांपर्यंतच्या उल्लंघनांची चौकशी होते, म्हणून आम्ही चार वर्षांतील सोळाही खेळांचे तक्ते घेतले आणि रजिस्ट्रार कार्यालयातील बाईंच्या मदतीने प्रत्येक खेळाडूची पडताळणी नव्याने केली. चार खेळांतील अकरा खेळाडू अपात्र असताना खेळले होते, असे निघाले. बहुतेकांची कथा त्या मुलीसारखीच होती: विषय बदललेला, एकूण श्रेयांक पुरेसे, लागू पडणारे अपुरे. दोघींच्या बाबतीत दुसऱ्या विद्यापीठातून आलेले श्रेयांक दोनदा मोजले गेले होते.

असे का झाले, याचे कारण शोधायला फार खोल जावे लागले नाही. आमच्या कार्यालयात सोळा खेळांसाठी आम्ही दोघेच होतो. पदवीला लागू श्रेयांकांचा दाखला रजिस्ट्रारकडून यावा, असे लिखित कार्यपद्धतीत होते. पण तो यायला उशीर होत असे आणि ऑगस्टमध्ये प्रशिक्षकांची घाई असे, म्हणून काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाने संगणकप्रणालीतून निघणारी श्रेयांकांची यादी थेट वापरायला सुरुवात केली. त्या यादीत एकूण श्रेयांकांचा रकाना होता, लागू श्रेयांकांचा नव्हता. मी रुजू झाले तेव्हा ही पद्धत मला तशीच दाखवली गेली आणि मी ती तशीच चालवली. नियम मला पाठ होता, प्रशिक्षकांच्या बैठकीत तो मीच समजावून सांगत असे. तरीही हातातील यादी त्या नियमाचे उत्तर देत नाही, हे मी तीन वर्षे पाहिले नाही.

नोव्हेंबरअखेर विद्यापीठाने स्वतःहून एनसीएएला अहवाल पाठवला. २०१३ पासून उल्लंघनांची वर्गवारी श्रेणींमध्ये केली जाते. पहिली श्रेणी सर्वांत गंभीर, दुसरी लक्षणीय, तिसरी किरकोळ स्वरूपाची. आमचे प्रकरण दुसऱ्या श्रेणीत जाणार, हे सर्वांना दिसत होते. विद्यापीठाने बाहेरचे वकील नेमले, एनसीएएच्या अंमलबजावणी विभागाचे दोन अधिकारी येऊन गेले, आणि आमच्या सर्वांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती झाल्या. माझी मुलाखत चार तास चालली. तिच्याविषयी सांगण्यासारखे विशेष काही नाही. अधिकारी सभ्य होते, आणि सगळे कागद आधीच त्यांच्यासमोर होते.

त्या रात्री मी घरी, साताऱ्याला, फोन केला. वडील तेथील एका महाविद्यालयाच्या कार्यालयात आयुष्यभर लिपिक होते आणि परीक्षेचे अर्ज, पात्रता प्रमाणपत्रे, बोनाफाईड दाखले यांतच त्यांची नोकरी गेली. अमेरिकी नियमांतील बारकावे त्यांना सांगण्याची गरज पडली नाही. त्यांनी विचारले, "सही तुझीच होती ना?" मी हो म्हटले. "मग तेच सांग. यादी कुणी दिली, ते नंतर," एवढे बोलून त्यांनी फोन आईकडे दिला.

पुढील हिवाळा उत्तराच्या मसुद्यात गेला. अंमलबजावणी विभाग आणि विद्यापीठ यांच्यात वस्तुस्थितीबाबत मतभेद नसतील, तर प्रत्यक्ष सुनावणीऐवजी दोघांच्या संमतीचा अहवाल नियमभंग समितीपुढे ठेवता येतो. आम्ही तो मार्ग घेतला. वकिलांनी केलेला पहिला मसुदा सर्व दृष्टींनी बिनचूक होता, आणि त्यात कर्ता कुठेच नव्हता. श्रेयांक मोजले गेले होते, दाखला मागवला गेला नव्हता, तफावत लक्षात घेतली गेली नव्हती. एनसीएएच्या घटनेप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात क्रीडा विभागावर लक्ष ठेवण्यासाठी प्राध्यापकांमधून एक प्रतिनिधी नेमलेला असतो. आमच्याकडे ते काम इतिहासाच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांकडे होते. त्यांनी मसुदा वाचला आणि पेन्सिलीने अशा प्रत्येक वाक्यासमोर समासात "कोणी?" असे लिहून तो परत पाठवला. सतरा ठिकाणी तो शब्द होता. मी त्या सतरा वाक्यांची उत्तरे लिहायला बसले. नऊ ठिकाणी उत्तर "नियमपालन कार्यालयाने" असे होते, चार ठिकाणी "रजिस्ट्रारच्या कार्यालयाने", तीन ठिकाणी "क्रीडा संचालकांनी" आणि एका ठिकाणी, जेथे २०१५ साली एका सल्लागाराने विषय बदललेल्या खेळाडूंची वेगळी यादी करावी असे ईमेलने सुचवले होते आणि त्या ईमेलला कुणी उत्तर दिले नव्हते, तेथे उत्तर मी असे होते. तो ईमेल मी विसरले होते. तो सापडला तेव्हा प्रकरणातला माझा वाटा मला पहिल्यांदा पुरता कळला.

वकिलांचे म्हणणे असे होते की, इतके स्पष्ट लिहिल्याने आरोप वाढण्याचा धोका आहे. समितीपुढे दोन शब्दप्रयोगांत मोठे अंतर आहे: "देखरेखीत कसूर" आणि "संस्थात्मक नियंत्रणाचा अभाव". दुसरा ठपका जास्त जड आहे आणि त्याची सावली वर्षानुवर्षे राहते. आमच्याकडे लिखित कार्यपद्धती होती, ती पाळली गेली नाही, म्हणून हा देखरेखीतील कसूर आहे, अशी विद्यापीठाची भूमिका होती आणि ती अखेर मान्य झाली. ती भूमिका मला पटत होती, तरी मी हेही म्हटले की, तीन वर्षे न पाळलेली कार्यपद्धती कपाटात असणे आणि नसणे यात खेळाडूंच्या दृष्टीने काही फरक नव्हता. शेवटी प्राध्यापकांच्या आग्रहाने आणि कुलगुरूपदावर असलेल्या बाईंच्या पाठिंब्याने कर्त्यांसह मसुदाच गेला. चुकीची तातडीने कबुली आणि जबाबदारीचा स्वीकार हा शिक्षा सौम्य करणारा घटक मानला जातो, आणि समितीने तो आमच्या बाजूने धरला. दुसरा एक घटक मात्र आम्हाला मिळाला नाही. किरकोळ उल्लंघने नियमितपणे स्वतःहून कळवत राहिल्याचा इतिहास असेल, तर तोही विद्यापीठाच्या बाजूने मोजला जातो. वर्षाकाठी नोंदी कमी म्हणजे कारभार स्वच्छ, अशी आमच्याकडे समजूत होती, आणि कमी नोंदींचा अर्थ कुणी पाहत नाही असाही होतो, हे आम्हाला त्या निर्णयातून कळले.

सर्वांत कठीण चर्चा स्वतःवर लादून घ्यायच्या शिक्षेविषयी झाली. समितीच्या निर्णयाची वाट न पाहता विद्यापीठे काही शिक्षा आधीच स्वीकारतात, आणि त्यांतली सर्वांत ठळक म्हणजे हंगामाअखेरच्या स्पर्धांतून माघार. व्हॉलीबॉल संघाने त्या वर्षीच्या कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांच्या गटाच्या, स्पर्धेत उतरू नये, असे काही जणांचे मत होते, कारण त्यामुळे समितीला आमचे गांभीर्य दिसले असते. मी विरोधात बोलले. अशा शिक्षांचा इतिहास मला अस्वस्थ करत आला आहे. १९८७ साली डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा फुटबॉलचा अख्खा हंगाम रद्द झाला, आणि १९८८ साली घरच्या मैदानावर खेळण्यास बंदी असल्याने विद्यापीठाने तोही हंगाम सोडून दिला. तेथे खेळाडूंना नियमबाह्य पैसे देणे वर्षानुवर्षे चालले होते, पण पैसे न घेतलेल्या खेळाडूंचा संघही त्यात गेला. २०१० साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठावर फुटबॉलच्या हंगामाअखेरच्या स्पर्धांसाठी दोन वर्षांची बंदी आली आणि तीन वर्षांत ३० शिष्यवृत्त्या कमी झाल्या, तेव्हा ज्याच्यामुळे मुख्यतः ही कारवाई झाली तो खेळाडू २००६ सालीच व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेलेला होता. आमच्या संघात उरलेल्या तेरा मुली पूर्णपणे पात्र होत्या. कार्यालयाची चूक दाखवण्यासाठी त्यांचा हंगाम खर्ची घालणे मला मान्य नव्हते. अखेर माघार घ्यायची नाही, असे ठरले; त्याऐवजी दंड, शिष्यवृत्त्यांतील कपात आणि प्रशिक्षकांच्या खेळाडू-शोधाच्या दिवसांवर मर्यादा, या शिक्षा आम्ही घेतल्या. २०२२ च्या जानेवारीत एनसीएएने नवी घटना स्वीकारली आणि निर्दोष खेळाडूंना शक्यतो शिक्षा होऊ नये, हे तत्त्व तिच्यात आले. २०२३ साली टेनेसी विद्यापीठाच्या फार मोठ्या प्रकरणात स्पर्धाबंदीऐवजी ८० लाख डॉलरहून अधिक दंड झाला, तेव्हा मला आमची ती बैठक आठवली.

समितीचा निर्णय २०१८ च्या उन्हाळ्यात आला. दोन वर्षांचे प्रोबेशन, ५,००० डॉलर आणि त्याशिवाय संबंधित खेळांच्या अंदाजपत्रकाचा एक टक्का इतका दंड, आम्ही स्वतः घेतलेल्या शिक्षांना मान्यता, आणि अपात्र खेळाडू ज्या सामन्यांत खेळले ते सर्व विजय नोंदीतून वगळणे. निर्णयपत्र सार्वजनिक असते, त्यामुळे त्यात खेळाडूंची नावे नसतात. त्या व्हॉलीबॉलपटूचा उल्लेख "विद्यार्थी-खेळाडू ३" असा होता.

विजय वगळणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नीटसे ठाऊक नसते. तो सामना समोरच्या संघाला बहाल होत नाही. समोरच्या संघाचा पराभव त्यांच्या नोंदीत पराभव म्हणूनच राहतो. आपल्या नोंदीतून मात्र विजय काढून टाकला जातो. हे काम कागदोपत्री आणि अतिशय बारीक आहे. कोणत्या तारखेच्या कोणत्या सामन्यात कोण अपात्र खेळाडू प्रत्यक्ष उतरला, हे गुणपत्रके पाहून ठरवावे लागते, एनसीएएच्या सांख्यिकी विभागाशी ती यादी जुळवावी लागते, आणि मग माहितीपुस्तिका, प्रशिक्षकाच्या कारकिर्दीची आकडेवारी, संकेतस्थळ, भिंतीवरचे फलक, सगळीकडे दुरुस्ती करावी लागते. क्रीडा-माहिती विभागातील एक तरुण सहकारी आणि मी अशा दोघांनी ते तीन आठवड्यांत केले. व्यायामशाळेतील एक ध्वज उतरवावा लागला. तो आम्ही सकाळी सहा वाजता, सराव सुरू होण्याआधी उतरवून घडी करून ठेवला. पेन स्टेट विद्यापीठाचे २०१२ साली वगळलेले ११२ विजय २०१५ च्या जानेवारीत पुन्हा नोंदीत आले होते, हे त्या सहकाऱ्याला माहीत होते आणि आमचेही कधी परत येतील का, असे त्याने मला विचारले. मी नाही म्हटले. आमच्या प्रकरणात वस्तुस्थितीविषयी वादच नव्हता.

प्रोबेशनच्या काळात आणखी एक अट असते: संबंधित खेळांत येऊ पाहणाऱ्या प्रत्येक शालेय खेळाडूला, विद्यापीठाच्या खर्चाने भेटीला येण्याआधी, आमच्यावर काय कारवाई झाली आहे आणि का, हे लेखी कळवावे लागते. प्रशिक्षकांना ही अट फार जड वाटत होती, आणि पत्र जितके मोघम करता येईल तितके करावे असा त्यांचा कल होता. मी ते पत्र साध्या शब्दांत लिहिले: आमच्या कार्यालयाने अकरा खेळाडूंची पात्रता चुकीची ठरवली आणि त्यामुळे त्यांचे नुकसान झाले. पालकांपैकी कित्येकांनी फोन केले. जवळजवळ सगळ्यांचा प्रश्न एकच होता, की आता तपासणी कोण करते. त्याचे उत्तर आम्हाला देता येत होते: लागू श्रेयांकांचा दाखला रजिस्ट्रारकडून आल्याखेरीज प्रणालीत खेळाडूचे नाव उघडतच नाही, तक्त्यावर आता तीन वेगवेगळ्या कार्यालयांच्या सह्या लागतात, आणि विषय बदलणाऱ्या प्रत्येक खेळाडूला मे महिन्यात समोर बसवून उन्हाळ्यात काय घ्यायचे ते लिहून दिले जाते. २०१५ च्या त्या ईमेलमध्ये सुचवलेली वेगळी यादीही आता केली जाते. कार्यालयात तिसरा माणूस मिळायला मात्र आणखी दोन वर्षे लागली, आणि तोवर ऑगस्टमधल्या रात्री पूर्वीसारख्याच लांब होत्या.

अकराही खेळाडूंना विद्यापीठाच्या वतीने पत्र लिहावे, अशी अट समितीने घातली नव्हती. आम्ही ती पत्रे लिहिली आणि त्यांवर कुलगुरूंच्या सहीखाली माझीही सही असावी, अशी विनंती मी केली. सात जणांकडून काहीच उत्तर आले नाही, तिघांनी दोन ओळी लिहिल्या. विद्यार्थी-खेळाडू ३ तोवर पदवी घेऊन दुसऱ्या राज्यात समाजकार्याची नोकरी करत होती. तिचे उत्तर आठवड्याने आले. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये तिची आई अकरा तास गाडी चालवून तिचा सामना पाहायला आली होती. तो सामना पाच सेटपर्यंत गेला आणि शेवटचा गुण तिच्या सर्व्हिसवर मिळाला. तो सामना वगळलेल्यांत आहे का, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते.

मी यादी पुन्हा काढून पाहिली. तो सामना यादीत सहावा होता. मी तिला त्याची तारीख आणि पाचही सेटचे गुण लिहून पाठवले, तो आमच्या विजयांत आता मोजला जात नाही हे लिहिले, आणि समोरच्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेचे ते पानही जोडले, जेथे त्या संध्याकाळच्या पराभवाची नोंद सेटच्या गुणांसह अजून छापलेली आहे.